ताकद भाड्याने मिळते, पण जबाबदारी कुणाची?

(हा या एपिसोडचा लिखित भाग. बोललो तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'अॅक्च्युअली' बरेच कमी केलेत.)

आजचा विषय तुम्ही रोज बघता आणि रोज त्याला ओव्हरटेक करता. जालना रोडला, बीड बायपासला किंवा वाळूजच्या कामगार चौकाकडे जाताना समोर एक पिवळी क्रेन रमतगमत चाललेली असते. बूम पुढे काढलेली, टोकाला हूक लोंबकळतोय आणि बूमवर भल्या मोठ्या अक्षरात एक मोबाईल नंबर. आपण हॉर्न वाजवतो, बाजूने जातो आणि विसरतो.

आज त्या मोबाईल नंबरबद्दल बोलू. त्याचा अर्थ साधा आहे: ताकद भाड्याने मिळेल, फोन करा. आपल्या शहराच्या आसपास जड वस्तू उचलण्याचा आणि ओढण्याचा इतिहास बघितला, तर ही ताकद भाड्याने घ्यायची सवय क्रेनपेक्षा फार जुनी निघते. पण त्यासोबत एक प्रश्नही येतो, आणि तो अजून सुटलेला नाही.

प्रश्न मला पहिल्यांदा पडला दहावीच्या सुट्टीत. वडिलांच्या एका मित्राचं चिकलठाणा एमआयडीसीत छोटं वर्कशॉप होतं. त्यांनी जुनी पॉवर प्रेस विकत घेतली होती, ती ट्रकवरून उतरवायची होती. हायड्रा बोलावली. स्लिंग बांधली, ऑपरेटरने लिव्हर ओढला, प्रेस ट्रकवरून वर आली. आणि हायड्राची मागची चाकं जमिनीवरून वीतभर उचलली गेली. मला वाटलं आता सगळे ओरडणार. कुणी ओरडलं नाही. दोन हेल्पर शांतपणे चालत गेले आणि क्रेनच्या मागच्या भागावर चढून बसले. वजन म्हणून! चाकं खाली टेकली. प्रेस जागेवर बसली. सगळ्यांनी चहा घेतला.

मी काकांना विचारलं, "पडली असती तर?" ते म्हणाले, "ते ऑपरेटर बघतो रे." ऑपरेटरला विचारलं, तर तो म्हणाला, "वजन मालकांनी सांगितलं तेवढं धरलं. आणि गाडी आमच्या शेठची आहे." शेठ तर तिथे नव्हतेच. त्यांचा फक्त नंबर होता, बूमवर.

हा प्रसंग डोक्यात ठेवा. आता मागे जाऊ, बरंच मागे.

उचलणंच टाळलं तर?

वेरूळचं कैलास लेणं तुम्ही सहलीला बघितलंच असेल. आठवं शतक, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला. गाईड दरवेळी सांगतो की हे 'आधी कळस, मग पाया' असं कोरलंय. हे वाक्य आपण आश्चर्य म्हणून ऐकतो. पण साईटवर काम करणाऱ्या माणसाच्या डोक्याने ऐका: तिथे दगड वर न्यायचाच नाही. डोंगराच्या माथ्यावरून सुरुवात केली, म्हणजे नको असलेला दगड फोडून खाली न्यायचा आणि बाहेर काढायचा. किती दगड? दीड ते दोन लाख टन असा अंदाज नेहमी सांगितला जातो. एवढा दगड हलवला गेला, पण मंदिराचा एकही खांब किंवा शिखराचा एकही थर उचलून बसवावा लागला नाही.

जड कामाचा प्रश्न सोडवायची ही पहिली पद्धत झाली: उचलावंच लागणार नाही अशी रचना करा. पण दरवेळी डोंगर हाताशी नसतो. कधी दगड एका प्रांतात असतो आणि इमारत दुसऱ्या.

तीनशे गाड्या

आता शहरात या. बीबी का मकबरा, १६६० च्या आसपासचा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची कबर. इथला काळा बेसॉल्ट हाताशी होता, त्यावर चुन्याचा गिलावा केला. पण घुमट आणि खालचा काही भाग संगमरवराचा आहे, आणि संगमरवर मराठवाड्यात सापडत नाही.

झ्याँ-बाप्तिस्त तावेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या त्या काळात सुरत ते गोवळकोंडा असा प्रवास करायचा. वाटेत औरंगाबाद. त्याने लिहून ठेवलंय की औरंगाबादपासून पाच मुक्कामांवर त्याला संगमरवर लादलेल्या तीनशेहून जास्त गाड्या भेटल्या, आणि त्यातल्या सगळ्यात लहान गाडीलाही बारा बैल जुंपले होते. त्याच्या मते दगड लाहोरच्या बाजूने येत होता आणि वाटेत चार महिने लागायचे. आज अभ्यासक तो राजस्थानातला मानतात.

आपण गुणाकार करू. तीनशे गुणिले बारा, म्हणजे किमान ३६०० बैल. तेही एका तांड्यात, एका दिवशी एका प्रवाशाने बघितलेले. त्यांची वैरण, पाणी, नाल ठोकणारे, चाकं दुरुस्त करणारे सुतार, रस्ता नीट करणारे मजूर हे सगळं सोबत. आज समृद्धीवर एखादा लांबलचक ट्रेलर पवनचक्कीचं पातं घेऊन निघतो, पुढे-मागे पायलट गाड्या असतात, तसंच काहीसं. फरक इतकाच की तेव्हाचं इंजिन चारा खायचं.

तोफांच्या गोष्टी तर आणखी भारी. आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या परांड्याच्या किल्ल्यावर 'मलिक-ए-मैदान' नावाची तोफ होती. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली होती, वजन साधारण ५५ टन. १६३२ मध्ये ती परांड्याहून विजापूरला नेली. चारशे बैल, दहा हत्ती आणि शेकडो माणसं लागली असं सांगतात. राजाला हवं असेल तर राजा एवढं जमवू शकतो. पण साध्या माणसाचं काय?

साध्या माणसासाठी भाडं होतंच. तावेर्नियेने दरही लिहून ठेवलाय. प्रवासी बैलगाडीचं भाडं दिवसाला साधारण एक रुपया. सुरत ते आग्रा पस्तीस-चाळीस दिवस, एकूण ४० ते ४५ रुपये. सुरत ते गोवळकोंडाही जवळपास तेवढंच. म्हणजे आपल्या शहरावरून जाणाऱ्या रस्त्यावर साडेतीनशे वर्षांपूर्वी 'पर डे' रेट ठरलेला होता आणि लांबच्या ट्रिपचा ठोक भावही! मोठ्या मालासाठी बंजारा समाजाचे तांडे होते. दहा-बारा हजार बैलांचा एकेक तांडा आपण बघितल्याचं तोच लिहितो. धान्य, मीठ, सैन्याची रसद हे सगळं त्यांच्या पाठीवरून चालायचं.

मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावर दोन नावं कोरलेली आहेत: रचनाकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय. इमारत कुणाच्या भरवशावर उभी आहे हे दारावरच लिहिलंय. गाडीवानांची नावं अर्थातच कुठे नाहीत. ही गोष्ट पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

१९०० साली औरंगाबादला रेल्वे आली. मनमाड-सिकंदराबाद लाईन, तेव्हा मीटर गेज. लांबच्या जड वाहतुकीतून बैल हळूहळू बाहेर पडला आणि तांड्यांचा धंदाही गेला. वजन ओढायला इंजिन मिळालं. पण वजन वर उचलायला गावात, शेतात, बांधकामावर अजून तीच कप्पी, तोच दोर, तीच लाकडी परांची आणि तीच माणसांची रांग होती.

धरण, दुष्काळ आणि हात

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. जायकवाडी घ्या. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. पैठणला गोदावरीवर जवळजवळ दहा किलोमीटर लांबीचं मातीचं धरण, २७ दरवाजे. अशा कामाला डोझर, रोलर, क्रेन लागतात. तेव्हा भाड्याने यंत्रं देणारा बाजार नव्हताच म्हणा. त्यामुळे पाटबंधारे खात्याने स्वतःचाच यांत्रिकी विभाग ठेवलेला असायचा: खात्याची यंत्रं, खात्याचे ऑपरेटर, खात्याचं वर्कशॉप. यंत्र बिघडलं तर शिव्या कुणाला द्यायच्या हे स्पष्ट होतं.

पण याच काळात मराठवाड्याने याच्या अगदी उलटंही बघितलं. १९७२ चा दुष्काळ. घरी आजी-आजोबांना विचारा, ते 'बहात्तरचा दुष्काळ' एवढंच म्हणतील आणि गप्प होतील. तेव्हा सरकारने कामं काढली: खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव. तिथे यंत्र मुद्दाम नको होतं. काम लवकर संपवणं हा हेतूच नव्हता, जास्तीत जास्त हातांना मजुरी मिळणं हा होता. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पुढे केंद्राने २००५ मध्ये मनरेगा आणली, तिच्यातही मजुरांचं काम हिरावणारी यंत्रं शक्यतो वापरू नयेत हे तत्त्व राहिलं.

आणि मग २०१४ च्या डिसेंबरात 'जलयुक्त शिवार' आलं. नाला खोलीकरणासाठी गावोगावी पोकलेन आणि जेसीबी उतरले. ज्या जमिनीवर आजीने टोपलीने माती वाहिली, तिथे नातू मशीनचे तास मोजत उभा होता. मी कुणाची बाजू घेत नाहीये. फक्त बघा, चाळीस वर्षांत मोजमाप बदललं. आधी माणसांचे दिवस मोजायचे, आता मशीनचे तास. आणि तास मोजणं म्हणजेच भाडं.

ही नावं आली कुठून?

थोडं थांबून एक मजेची गोष्ट. आपण 'पोकलेन' म्हणतो, काहीजण 'पोकलँड' म्हणतात. हा शब्द इंग्रजी नाही. फ्रान्समध्ये पॅरिसजवळ पोक्लँ नावाचं एक शेत होतं. तिथल्या शेती-अवजारांच्या वर्कशॉपमधून कंपनी उभी राहिली आणि १९५० च्या दशकात हायड्रॉलिक खोदयंत्रं करू लागली. भारतात लार्सन अँड टुब्रोने त्यांचं तंत्रज्ञान घेऊन ही यंत्रं बनवली. कंपनीचं नाव यंत्राला चिकटलं. आज समोर दुसऱ्याच कंपनीचं मशीन असतं, तरी आपण म्हणतो, "पोकलेन लावलाय."

'जेसीबी' म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड. इंग्लंडमधला एक माणूस, ज्याने १९४५ मध्ये एका गॅरेजमध्ये धंदा सुरू केला. भारतात १९७९ मध्ये एस्कॉर्ट्ससोबत बल्लभगडला कारखाना झाला. २०१९ मध्ये 'जेसीबी की खुदाई' चे मीम तुम्हीपण फॉरवर्ड केले असतील, नाही म्हणू नका.

आणि 'हायड्रा' हे एस्कॉर्ट्सच्या एका क्रेनचं मॉडेलचं नाव. पिक-अँड-कॅरी, म्हणजे वजन उचलायचं आणि उचलूनच चालत जायचं. ही क्रेन आपल्याकडच्या कामाला फिट बसली. गल्ली अरुंद, रस्ता कच्चा, काम तासाभराचं. क्रेन स्वतः चालत येणार, काम करणार, चालत जाणार. वेगळा ट्रेलर नको की काही नको. म्हणून ती एवढी पसरली की आता कुठल्याही कंपनीची असो, ती हायड्राच.

विकत का घेत नाहीत?

आता आपल्या शहराचा पसारा बघा. चिकलठाणा एमआयडीसी. मग वाळूज, जिथे १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला. मग शेंद्रा, जिथे २००१ मध्ये स्कोडा आली. मग ऑरिक, म्हणजे शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे १०,००० एकर. प्रत्येक कारखान्याला शेड उभी करताना क्रेन लागते, मशीन बसवताना लागते, ट्रान्सफॉर्मर बदलताना लागते. पण रोज लागत नाही. वर्षातून चार वेळा लागणारी वस्तू कोण विकत घेईल?

आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळतं. पूर्वी कंपन्या सर्व्हर विकत घ्यायच्या, एसी रूममध्ये ठेवायच्या, आणि निम्मा वेळ ते रिकामे बसायचे. आता क्लाउडवर तासाने घेतात. क्रेनचंही तेच. यंत्राचा मालक एकाला सकाळी देतो, दुसऱ्याला दुपारी. रिकामा तास हाच त्याचा खरा शत्रू, कारण बँकेचा हप्ता रिकाम्या तासालाही चालूच असतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या राज्यातच आहे. पुण्याची संघवी मूव्हर्स. १९८९ मध्ये स्थापन झाली, शेअर बाजारात नोंदलेली आहे, आणि क्रेन भाड्याने देणाऱ्या भारतातल्या कंपन्यांत सगळ्यात मोठी म्हणून ओळखली जाते. हायड्रा ही त्यांच्या कामातली छोटी वस्तू. त्यांचा जोर रिफायनरी, वीज प्रकल्प आणि पवनचक्क्या लावणाऱ्या शेकडो टनी क्रेनवर. पवनचक्कीचं वरचं यंत्रघर कित्येक टन वजनाचं असतं आणि ते ऐंशी-शंभर मीटर उंच ठेवायचं असतं. अशी क्रेन घेऊन पवनचक्कीवाला नंतर तिचं काय करणार? म्हणून भाडं.

पण भाड्याच्या धंद्यात दुसऱ्याचा पाऊसही आपल्या छपरावर पडतो. २०१७ मध्ये पवनऊर्जेत लिलाव पद्धत आली, विजेचे दर एकदम खाली आले, नव्या पवनचक्क्यांचं काम मंदावलं. त्याची झळ मोठ्या क्रेनच्या धंद्याला लगेच बसली. आणि हेच लहान प्रमाणात गावात होतं. कर्ज काढून एक जेसीबी घेतलेला पोरगा पावसाळ्यात काम थांबलं की हप्त्याच्या तारखेकडे बघत बसतो. अशा वेळी कुणी फोन करून म्हटलं, "थोडं वजन जास्त आहे, पण येशील का?" तर तो नाही म्हणेल का? इथून आपला मूळ प्रश्न परत सुरू होतो.

बादली आणि लांब हात

आधी थोडं फिजिक्स, घाबरू नका. पाण्याने भरलेली बादली अंगाजवळ धरा, जमेल. आता तोच हात सरळ पुढे लांब करा. बादली तीच, पाणी तेवढंच, पण हात थरथरायला लागेल आणि तुम्ही पुढे झुकाल. क्रेनचं अगदी हेच आहे. '१४ टनी' क्रेन १४ टन उचलते ते फक्त वजन अगदी जवळ असताना. बूम जितकी लांब, तितकी ताकद कमी. किती लांबीवर किती टन, याचा तक्ता असतो, त्याला लोड चार्ट म्हणतात. हायड्राची अजून एक खोड आहे. तिची बूम डावी-उजवीकडे फिरत नाही, त्यामुळे वजन बाजूला न्यायला अख्खी गाडी मधून वळवतात. वळली की तोल आणखी नाजूक. वजन झुलत असतं, खाली जमीन मऊ असते, आणि जुन्या हायड्रात बूममुळे ऑपरेटरला समोरचं नीट दिसतही नाही. म्हणून बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी साईटवर जुनी हायड्रा घेणं बंद केलं, आणि केबिन पुढे असलेल्या नव्या क्रेन आल्या. साईटवर त्यांना 'फराना' म्हणतात.

म्हणजे त्या दिवशी चिकलठाण्यात मागची चाकं उचलली गेली, तेव्हा क्रेन सांगत होती की हे माझ्या आवाक्याबाहेर आहे. आणि आम्ही उत्तर दिलं दोन माणसं मागे बसवून. माझं वय पंधरा होतं, पण मला आठवतं, त्यातला एक हेल्पर माझ्याच वयाचा दिसत होता.

तर, पडली असती तर जबाबदार कोण? वजन अंदाजे सांगणारे काका? लिव्हर ओढणारा ऑपरेटर? की फोनवरचे शेठ?

क्रेन कुणाच्या ताब्यात?

हा प्रश्न इंग्लंडच्या सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयात, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, १९४६ साली गेला होता. लिव्हरपूलच्या बंदर मंडळाने एक क्रेन, ऑपरेटरसकट, माल चढवणाऱ्या एका कंपनीला भाड्याने दिली. ऑपरेटरच्या चुकीने एक माणूस जखमी झाला. भाड्याच्या करारात चक्क लिहिलं होतं की भाड्याच्या काळात ऑपरेटर हा भाडेकरूचा नोकर समजावा. न्यायालयाने विचारलं, लिव्हर कसा ओढायचा हे त्याला कोण सांगत होतं? भाडेकरू फक्त 'काय उचल' हे सांगायचा. 'कसं उचल' हे सांगायचा अधिकार बंदर मंडळाकडेच होता. खुद्द ऑपरेटरनेही साक्षीत सांगितलं होतं की तो कुणाचाच हुकूम घेत नाही. निकाल लागला: जबाबदार बंदर मंडळ. कागदावर काहीही लिहा, ताबा कुणाकडे होता ते बघा.

आता भारत. आपल्याकडे हाच 'ताबा कुणाचा' प्रश्न वेगळ्या दाराने आला. टॅक्सच्या! १९८२ मध्ये ४६ वी घटनादुरुस्ती झाली. वस्तू न विकता नुसता ती वापरायचा हक्क दुसऱ्याला दिला, तरी राज्याला त्यावर विक्रीकर लावता येईल अशी सोय झाली. मग वाद सुरू: क्रेन भाड्याने देणं म्हणजे क्रेन वापरायचा हक्क देणं, की फक्त उचलण्याची सेवा देणं? क्रेनवाले म्हणायचे, ऑपरेटर आमचा, डिझेल आमचं, देखभाल आमची, क्रेन आमच्याच ताब्यात आहे, ही सेवा आहे. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. पी. मोझिका विरुद्ध ओएनजीसी या प्रकरणात त्याच धर्तीवर निकाल दिला. ताबा आणि नियंत्रण देणाऱ्याकडेच राहत असेल, तर तो वापराच्या हक्काचा व्यवहार नाही, सेवा आहे.

आता गंमत बघा. टॅक्सच्या वेळी क्रेनवाला म्हणतो, "ताबा माझा." आणि भाड्याच्या पावतीच्या मागे बारीक अक्षरात अनेकदा लिहिलेलं असतं, "काम चालू असताना झालेल्या नुकसानीला आम्ही जबाबदार नाही." म्हणजे कर वाचवताना क्रेन माझी, आणि अपघात झाला की क्रेन तुमची! भाडेकरूही काही कमी नाही. काम घाईचं असताना तो ऑपरेटरच्या कानाशी उभा राहून हुकूम देतो, आणि चौकशी आली की म्हणतो, "आम्ही तर नुसतं भाड्याने बोलावलं होतं."

कायदा नाही असं नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातच लिहिलं होतं की उचलणाऱ्या प्रत्येक यंत्राची वर्षातून किमान एकदा जाणकार माणसाकडून पूर्ण तपासणी झाली पाहिजे, किती वजन सुरक्षित आहे ते यंत्रावर लिहिलं पाहिजे, आणि त्याहून जास्त उचलता कामा नये. १९९६ चा बांधकाम कामगारांचा कायदाही होता. पण सकाळी एकाकडे आणि दुपारी दुसऱ्याकडे जाणाऱ्या यंत्राची फाईल कोण बघतो?

सरळांबे

समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. आपण त्यावरून गेलोय, रील काढल्यात. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. शेवटचा टप्पा, इगतपुरी ते आमणे, डोंगराचा होता, त्यामुळे बोगदे आणि उंच पूल. ३१ जुलै २०२३ ची रात्र उलटून १ ऑगस्ट लागला होता. शहापूर तालुक्यातल्या सरळांबे इथे पुलाचं काम चालू होतं. गर्डर लाँचर, म्हणजे पुलाचे जड तुकडे उंचावर एकामागे एक बसवणारं प्रचंड यंत्र, शंभरेक फुटांवरून खाली कोसळलं. २० जण गेले. बरेचजण दूरच्या राज्यांतून कामाला आलेले.

हे काही तासाने मिळणारं हायड्रासारखं यंत्र नव्हतं. पण साखळी ओळखीची होती. वर सरकारी महामंडळ, खाली मुख्य कंत्राटदार, त्याच्या खाली उपकंत्राटदार, आणि तळाशी रात्रपाळीची माणसं. पोलिसांनी उपकंत्राटदारांवर गुन्हा नोंदवला. रस्ता ५ जून २०२५ ला पूर्ण सुरू झाला. आपण आता मुंबईला आठ तासांत नागपूरहून पोचू शकतो, आणि ते चांगलंच आहे. फक्त तो तुकडा पार करताना एकदा आठवा, एवढंच.

मग करायचं काय?

मी काही सेफ्टी ऑफिसर नाही, पण इतिहास वाचून एक गोष्ट पक्की कळली. बैलांपासून क्रेनपर्यंत मोठी ताकद बहुतेकांना उसनीच घ्यावी लागली. त्यात काही वाईट नाही. भाड्याच्या क्रेन नसत्या तर काकांचं छोटं वर्कशॉप कधी उभंच राहिलं नसतं, वाळूज-शेंद्र्यातले शेकडो छोटे कारखानदारही नसते. गडबड होते ती ताकदीसोबत जबाबदारीही भाड्याने गेली असं सगळ्यांनी धरून चाललं की.

म्हणून उद्या तुमच्या घराच्या स्लॅबवर टाकी चढवायला, दुकानात मशीन उतरवायला किंवा शेतात मोटरचा खांब लावायला तुम्ही त्या बूमवरच्या नंबरवर फोन केलात, तर रेटच्या आधी चार गोष्टी विचारा. वजन नक्की किती आहे? अंदाज नको, मशीनवरची प्लेट वाचा. किती लांबून उचलायचंय, आणि त्या लांबीवर ही क्रेन किती उचलते? शेवटची तपासणी कधी झाली, कागद दाखवा. आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची: वजन हवेत असताना 'थांब' म्हणायचा अधिकार इथे कुणाला आहे? त्या माणसाचं नाव घ्या. एकाच माणसाचं. मकबऱ्याच्या दारावर दोन नावं कोरलीत, आपण निदान पावतीवर एक लिहू शकतो.

आणि ऑपरेटर म्हणाला, "साहेब, हे होणार नाही, मोठी क्रेन मागवा," तर त्याच्यावर चिडू नका. त्या एका वाक्यासाठी त्याने कदाचित दिवसाचं भाडं सोडलंय. त्याला चहा पाजा.

परवा काकांना फोन केला होता या एपिसोडसाठी. प्रेस अजून चालू आहे म्हणाले. त्या दोन हेल्परांबद्दल विचारलं. ते जरा थांबले आणि म्हणाले, "नावं नाही रे आठवत. क्रेनवाल्याचीच पोरं होती."

तर मंडळी, तुमच्या गावात जड वस्तू उचलायची अशी काही गोष्ट असेल, आजोबांनी विहिरीवर इंजिन कसं बसवलं, देवळाचा कळस कसा चढवला, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. तोपर्यंत, हायड्राच्या मागे फार हॉर्न वाजवू नका. भेटू!